आठव्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

मित्रांनो, तुम्ही माझ्यात पाऊल टाकले असते तर आधी नाकाला रुमाल लावला असता. माझ्या पोटात ओल आणि सिगारेटचा वास कोंडलेला असे. भिंतींवर पोरांनी नावे कोरलेली होती. सातव्या मजल्याचे बटण तर कोणीतरी लायटरने वितळवून टाकले होते. तरी मी चालत होते. मी बर्मिंगहॅममधल्या हॉथॉर्न हाऊस नावाच्या बारा मजली इमारतीची लिफ्ट आहे. आता मी फार जुनी झाले आहे आणि माझ्याकडे फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून ही हकीकत तुम्हांला सांगून टाकते.

साठच्या दशकात मला एका कारखान्यात घडवले गेले. पोलादी दोर, जड मोटर आणि पितळेची चकचकीत बटणे असा माझा थाट होता. या इमारतीत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसवल्या गेलो. शेजारच्या लिफ्टला मी बहीणच मानत असे. एक वर गेली की दुसरी खाली यायची. पहिल्या वर्षी बायका बाबागाडी घेऊन माझ्यात शिरल्या की भिंतीला हात लावून पाहायच्या. जुन्या चाळवजा घरांतून आलेली ती माणसे होती. घरात न्हाणीघर आणि दारात लिफ्ट, याचे त्यांना फार कौतुक होते. रविवारी कोणीतरी आपणहून माझी बटणे ब्रासोने पुसायचे.

पुढे माणसे बदलत गेली. आयर्लंडची आली, जमैकाची आली, पंजाबची आणि मीरपूरची आली. मग व्हिएतनामची, सोमालियाची आणि अगदी अलीकडे पोलंडची. माझ्या पोटात इतक्या भाषा बोलल्या गेल्या की मला वेगळे शिकायला कुठे जावे लागले नाही. सकाळी जिऱ्याची फोडणी, दुपारी उकडलेली कोबी, शनिवारी खारवलेला मासा. वासावरून मला वार कळायचा. माणसे एकमेकांकडे बघून मान हलवायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायची आणि आपापल्या मजल्यावर उतरायची. यापेक्षा जास्त ओळख कोणाची कोणाशी नव्हती.

अकराव्या मजल्यावर मिस्टर बेकफर्ड राहायचे. तरुणपणी ते जमैकाहून आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहराची अकरा नंबरची बस चालवली. ती बस साऱ्या शहराला गोल चक्कर मारते. बायको गेल्यापासून ते एकटेच होते. खिडकीत कुंड्या ठेवून ते झणझणीत मिरच्या लावायचे आणि पिकल्या की कागदी पिशवीतून साऱ्या मजल्याला वाटायचे. मग त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा आठवड्यातून तीन सकाळी त्यांना डायलिसिससाठी हॉस्पिटलमध्ये जावे लागे. गुडघे गेले होते, पाय सुजलेले असत. पण मी होते. ते काठी टेकत माझ्यात येत, मी त्यांना खाली नेई, दारात हॉस्पिटलची गाडी उभी असे. दुपारी ते गळून परत येत आणि मी त्यांना वर नेई.

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तारिक नावाचा टॅक्सीवाला राहायचा. त्याच्याकडे २००५ साली एक नवरा-बायको भाडेकरू म्हणून आले, यतीन आणि वरदा, नागपूरचे. यतीन डॉक्टर होता. इथली परीक्षा पास होऊन तो नोकरी शोधत होता. वरदा फिजिओथेरपिस्ट होती, पण तिलाही इथे काम करायची परवानगी मिळायची होती. मुलाखतीला जाताना यतीन सूट घालून माझ्यात उभा राहायचा आणि ओठांतल्या ओठांत उत्तरे पाठ करायचा. मिस्टर बेकफर्ड सोबत असले तर म्हणायचे, "टाय सरळ कर, डॉक्टर. आज नोकरी देतीलच."

नोकरी कोणी दिली नाही. २००६ च्या वसंतात सरकारने नियम बदलले. आता युरोपातल्या डॉक्टरांना आधी विचारायचे आणि उरले तर बाहेरच्यांना, असे ठरले. त्यानंतर यतीनने सूट घातलेला मी पाहिला नाही.

त्याच सुमारास आमच्या इमारतीचेही भवितव्य ठरले. हॉथॉर्न हाऊस पाडायचे आणि तिथे बसकी, नवी घरे बांधायची. त्यासाठी लोकांना एकेक करून दुसरीकडे घरे द्यायची होती. पण घरे मिळायला वेळ लागत होता आणि पाडायच्या इमारतीवर खर्च कशाला करायचा, असे नगरपालिकेच्या हाउसिंग ऑफिसला वाटत होते. माझी बहीण बंद पडली तेव्हा तिला दुरुस्त केले नाही. तिचे भाग काढून मला लावले. तिच्या रिकाम्या पोकळीवर फळ्या ठोकल्या. मी तिच्या दातांनी चावत होते म्हणा ना.

मग जून आला. बाल्कन्यांवर फुटबॉलचे झेंडे लागले होते आणि उकाडा असा की भिंती तापत. एके दिवशी मी रिकामीच वर निघाले होते. मोटरीतून जळका वास आला, एक हिसका बसला आणि मी आठव्या मजल्यावर थांबले. दार वीतभर उघडले आणि तसेच राहिले.

मेकॅनिक आला, डोके खाजवून म्हणाला, "ही मोटर आता कोणी बनवत नाही." दारासमोर पिवळी पट्टी लावून तो गेला. हाउसिंग ऑफिसने सांगितले, दोनतीन आठवडे लागतील.

जिना माझ्या अगदी समोरून जातो. वीतभर फटीतून मला जिना दिसत होता आणि माझ्या उंच पोकळीतून सगळ्या मजल्यांचे आवाज येत होते. पुढचे सगळे मी असे पाहिले आणि ऐकले.

पहिल्या सोमवारी मिस्टर बेकफर्ड कठडा धरून उतरायला लागले. आठव्या मजल्यापर्यंत आले आणि माझ्यासमोरच्या पायरीवर बसले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. गाडीवाला एकटाच असे आणि पेशंटला जिन्यावरून उचलायची त्याला परवानगी नव्हती. यतीन धावत खाली आला. त्याने त्यांची नाडी पाहिली आणि वर तोंड करून ओरडला, "तारिकभाई! जल्दी आइए!"

नवव्या मजल्यावरच्या मिसेस डूली या आयरिश बाईंनी आपली जेवणाच्या टेबलाची, हात असलेली खुर्ची दिली. त्यांच्या शेजारी मारेक नावाचा पोलिश तरुण राहायचा, तो गोदामातल्या कामावरून नुकताच आला होता, तोही आला. वरदाने आपल्या ओढणीने मिस्टर बेकफर्डना खुर्चीला बांधले आणि तिघांना सांगितले, "पाठीतून उचलू नका. गुडघ्यात वाका, खुर्ची अंगाजवळ ठेवा. ज्याची उंची जास्त तो खाली." मारेकला इंग्रजी फारसे येत नव्हते, तेव्हा तिने त्याचे खांदे धरून त्याला वाकवून दाखवले.

असे ते खाली गेले. पण दुपारी त्यांना वर आणायचे होते. डायलिसिसनंतर माणूस चिपाडासारखा होतो, आपले हातसुद्धा त्याला जड वाटतात. तिघांनी त्यांना अकरा मजले चढवले. सगळे घामाने निथळत होते. मी तिथे उभी होते, मित्रांनो. हे काम मी गाणे गुणगुणत केले असते.

पुढचे काही आठवडे हे असेच चालले. मारेकने पाळी बदलून घेतली. तारिक त्या वेळी टॅक्सी घरी आणून ठेवायचा. मिस्टर बेकफर्डनी त्यातही गंमत शोधली. प्रत्येक मजला आला की ते बसवाल्याच्या खणखणीत आवाजात स्टॉप पुकारायचे. "हँड्सवर्थ! उतरणार कोणी? पेरी बार! एर्डिंग्टन!" मारेक हसून हसून वाकायचा आणि तारिक ओरडायचा, "हँसाओ मत, चाचा, गिर जाएँगे!" तिसऱ्या मजल्यावर राहणारी सोमाली पोरे दारात उभी राहून आपला स्टॉप कधी येतो याची वाट बघायची.

दोनतीन आठवडे सरले. मेकॅनिक आला नाही. मिसेस डूली फोन करून थकल्या. हॉस्पिटलच्या नर्सनेही फोन केला. उत्तर एकच यायचे, बेकफर्ड यांचे नाव नव्या घराच्या यादीत आहे, त्यांनी धीर धरावा.

जुलैत उकाडा आणखी वाढला. एका शुक्रवारी वर येताना मिस्टर बेकफर्ड गप्प होते. एकही स्टॉप त्यांनी पुकारला नाही. माझ्यासमोर आल्यावर ते म्हणाले, "खाली ठेवा मला."

खुर्ची ठेवली. त्यांनी ओढणीची गाठ सोडली.

"तुम्ही दोघे जा," ते तारिक आणि मारेकला म्हणाले. "पाणी प्या. मला डॉक्टरशी बोलायचंय."

ते दोघे वर गेले. यतीन पायरीवर बसला.

"डॉक्टर, हे बंद केलं तर मी किती दिवस काढीन?"

"असं का विचारताय?"

"तू डॉक्टर आहेस ना? मग सांग."

यतीनने त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "साधारण आठवडा. फार तर दहा दिवस."

"त्रास होतो?"

"झोप येत राहते. हळूहळू जास्त."

"मग ते इतकं वाईट नाही." मिस्टर बेकफर्डनी डोके मागे टेकवले. "मी आयुष्यभर लोकांना वाहून नेलं, डॉक्टर. आता मला पोत्यासारखं उचलतात. तारिकची पाठ धरलीय, मला दिसत नाही का? मारेक झोपेशिवाय उभा असतो. हे मला नको आहे."

यतीन पायरीवरून उठला. "मिस्टर बेकफर्ड, माझी अख्खी बॅच तिकडे भारतात रोज पेशंट बघते. या देशात येऊन मला वर्ष झालं. या वर्षात मी फक्त एका पेशंटला हात लावलाय. तो पेशंट तुम्ही आहात. तुम्हीही नको म्हणालात तर मी इथे कशाला आलो होतो?"

मिस्टर बेकफर्डनी हात पुढे केला. त्या दिवशी ते खुर्चीत बसले नाहीत. यतीनच्या खांद्यावर भार टाकून, पायरीपायरीवर थांबत ते वर गेले. ते वर पोहोचेपर्यंत ऊन भिंतीवरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी यतीन आणि वरदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घरात तारिकची माणसे असायची, म्हणून त्यांना काही खासगी बोलायचे असले की ते जिन्यात येत.

"फायनल आहे गं," यतीन म्हणाला. "व्हिसा एक्स्टेंड होणार नाही. ऑगस्ट एंडला निघावं लागेल."

"मग निघू. नागपूरला काय वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही. पण आई सगळ्या कॉलनीला सांगत फिरतेय, आमचा यतीन लंडनला डॉक्टर आहे म्हणून. तिला बर्मिंगहॅम म्हणताच येत नाही. आणि मी इथे काय करतोय? खुर्ची उचलतोय."

"ती उचलायला दुसरं कोणी येतंय का?" वरदा म्हणाली.

"नाही ना! आपण गेल्यावर काय? दोघांनी ती खुर्ची वर जात नाही, वरदा. मी रात्रंदिवस तोच विचार करतोय."

वरदाने माझ्या दाराच्या फटीतून आत पाहिले आणि मग मला जोरात एक लाथ मारली. मला राग आला नाही. तिला मारण्यासारखे दुसरे कोणी तिथे नव्हते.

सोमवारी सकाळी माझ्या पोकळीतून, वरदाने अकराव्या मजल्यावर दार ठोठावल्याचा आवाज आला. खाली गाडी येऊन थांबली होती.

"मिस्टर बेकफर्ड! दार उघडा."

"मी घरी नाही," आतून आवाज आला.

"घरी नाही? मग खाली गेलात कसे?"

ती दारात खाली बसल्याचा आवाज आला. मग वरदा म्हणाली, "तुमच्या दारात मी बसले आहे. गाडी गेली तरी मी उठणार नाही. तुम्ही जेवला नाहीत तर मी जेवणार नाही. माझ्या आजोबांनीही एकदा असंच, उपचार नको म्हणून दार लावून घेतलं होतं. तेव्हा मी लहान होते, मला कोणी बोलू दिलं नाही. आता मी लहान नाही."

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

त्या दिवशी ते गेले. पण परतताना, खुर्ची दुसऱ्या मजल्यावर असतानाच तारिकच्या पाठीतून कळ गेली. त्याची किंकाळी माझ्यापर्यंत आली. खुर्ची एका बाजूला कलली. वरदा मागून येत होती, तिने खांदा लावला, म्हणून ती पडली नाही. त्यांनी कसेबसे मिस्टर बेकफर्डना परत तळमजल्यावर नेले. तारिक तिथेच फरशीवर आडवा झाला. वर जायची वाट बंद झाली होती.

त्यानंतर काय घडले ते मला पुढे मिसेस डूलींकडून कळले. त्या हे इतक्या जणांना सांगत की मला ते पाठ झाले आहे.

यतीन म्हणाला, "मी ॲम्ब्युलन्सला फोन करतो."

"नको," मिस्टर बेकफर्ड म्हणाले. "मला हाउसिंग ऑफिसला ने."

ऑफिस रस्त्यापलीकडेच होते. यतीन, मारेक आणि वरदाने खुर्ची उचलली आणि थेट आत नेऊन काउंटरसमोर ठेवली. काउंटरमागची मुलगी गोंधळली. "तुमची अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही," मिस्टर बेकफर्ड म्हणाले. "मी अकराव्या मजल्यावर राहतो आणि मला घरी जाता येत नाही. म्हणून मी इथे राहायला आलोय. माझा त्रास होणार नाही. मी शांत माणूस आहे."

मॅनेजर आला. तो म्हणाला, नियमाप्रमाणे सगळे चालू आहे. तेव्हा यतीनचा तोल गेला. "हा माणूस मरेल," तो ओरडला. "तुम्हांला कळतंय का? लिफ्ट नाही म्हणून मरेल! मी डॉक्टर आहे, मी सांगतोय!" त्याच्या हातात कसला कागद नव्हता, गळ्यात ओळखपत्र नव्हते. पण बाहेर तोवर हॉथॉर्न हाऊसची माणसे जमली होती. मिसेस डूली काठी घेऊन आल्या, सोमाली बायका पोरे घेऊन आल्या, वाकलेल्या पाठीने तारिकही आला. एरवी माझ्यात हवेबद्दल दोन शब्द बोलणारी ती माणसे ऑफिसच्या फरशीवर बसली आणि दार बंद व्हायच्या वेळेला कोणीच उठले नाही.

त्या संध्याकाळी मिस्टर बेकफर्डना जवळच्या एका वृद्धाश्रमात तात्पुरती खोली मिळाली. आणि त्याच आठवड्यात तीन मेकॅनिक माझ्याकडे आले. कोणी बनवत नाही म्हणून सांगितलेली मोटर कुठूनतरी मिळाली होती.

मी पुन्हा हलले तेव्हा माझे दोर करकरले. मिस्टर बेकफर्ड परत आले, तेव्हा यतीनने अकराचे बटण दाबले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्टर बेकफर्ड माझ्या भिंतीला टेकले, त्यांनी डोळे मिटले आणि वर पोहोचेपर्यंत ते रडत होते.

ही हकीकत इथे संपवता आली असती तर किती बरे झाले असते.

ऑगस्ट सरता सरता यतीन आणि वरदाच्या बॅगा माझ्यात चढल्या. तारिक त्यांना विमानतळावर सोडणार होता. मिस्टर बेकफर्ड हट्टाने खालपर्यंत आले.

"काका, डायलिसिस चुकवायचं नाही हं," वरदा म्हणाली. 'काका' हा शब्द तिने त्यांना कधीच शिकवला होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय, म्हटल्यावर काय करणार?" मिस्टर बेकफर्ड यतीनकडे बघून म्हणाले. यतीनने त्यांना मिठी मारली. टॅक्सी वळून गेली आणि मी म्हाताऱ्याला एकट्याला वर घेऊन गेले.

मग इमारत रिकामी होऊ लागली. मारेक दुसऱ्या गावी कामाला गेला. मिसेस डूलींना त्यांची लेक घेऊन गेली. तारिकला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घर मिळाले. हिवाळ्यात मिस्टर बेकफर्डचीही पाळी आली. त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला होता, नवा, गरम, दारात एकही पायरी नसलेला. सामान उचलणारा माणूस त्यांना म्हणाला, "नशीबवान आहात, आजोबा. आता कोणाला हाक मारायला नको."

"हो," मिस्टर बेकफर्ड म्हणाले. "तिथे कोणी ओळखीचंही नाही."

माझे दार त्यांच्यामागे बंद झाले. ते कसे आहेत, सोमवारी गाडी आली तेव्हा त्यांनी दार उघडले का, मला माहीत नाही. मला बातमी आणून देणारे आता कोणी उरले नाही. सारे मजले अंधारात आहेत. काल दोन माणसे येऊन माझ्या मोटरीची वीज कुठून तोडायची ते बघून गेली.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले. पण तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, दाराआड कोणीतरी एकटे असेल. लिफ्ट बंद पडेल, पाणी जाईल, काहीतरी मोडेल, तेव्हाच त्याची आठवण येईल अशी वाट बघू नका. सगळे ठीक चालले आहे त्या दिवशीच जा. दार ठोठावा. आतून "मी घरी नाही" असा आवाज आला, तरी तिथून हलू नका.